सात नंबरचं कोमट दूध

माझ्या वहिनीला कुणी काहीही सांगितलं तरी ती आधी विचारणार, "म्हणजे नक्की काय?" दूध आण म्हटलं की किती, कशात, आणि नसलंच तर काय आणू? दादा कपाळाला हात लावायचा. म्हणायचा, "मी लग्न केलं की तोंडी परीक्षेला बसलो?" पण तिचा तरी काय दोष, तिचं कामच तसं होतं. हॉस्पिटलच्या तळमजल्यावर, एक्स-रेला लागून असलेल्या खोलीत बसून ती हॉस्पिटलचा कॉम्प्युटर सांभाळायची. मी त्याच हॉस्पिटलच्या स्वयंपाकघराची मुख्य. मी दादाहून धाकटी, तिच्याहूनही धाकटी, तरी मला चिडवायला ती मुद्दाम 'वन्सं' म्हणायची. मी चिडायचेही. चिडायला मला फार लागत नाही.

हॉस्पिटलचा सगळा कारभार ज्या भाषेत लिहिला होता तिला सगळे 'म्हातारी' म्हणत. भाषा म्हणजे बोलायची नव्हे, कॉम्प्युटरला काम सांगायची. ती बनवणारी कंपनी केव्हाच बुडाली होती, आणि म्हातारी आमच्या गळ्यात पडली होती. तिला शिव्या न देणारा माणूस हॉस्पिटलात शोधून सापडला नसता. बिल चुकलं, म्हातारी. औषध दोनदा आलं, म्हातारी. एकदा लिफ्ट अडकली तेव्हाही आतून कोणीतरी म्हातारीचा उद्धार करत होतं, आणि लिफ्टचा तिच्याशी काडीचा संबंध नव्हता! दादा तर वहिनीला म्हणायचा, "एक सासू तुला घरी पुरली नाही, म्हणून ऑफिसात दुसरी पाळलीस."

तिची खोड काय होती, ते वहिनीने मला माझ्याच डब्यांवरून समजावलं होतं. "समज, प्रत्येक खोलीच्या नावाचा एक डबा आहे. आज त्यात काय घालायचं ते कुणी सांगितलंच नाही, तर तू विचारशील ना?"

"विचारीन म्हणजे? चांगली झाडीन."

"म्हातारी विचारत नाही. सांगितलं नाही म्हणजे मागचंच समजायचं, असा तिचा नियम. कालचं असेल ते आज वाढते."

"मग मोड ना तिची खोड. भाषेच्या मुळाशी जाऊन बदलता येतं ना तुला?"

"येतं. पण सगळं त्या खोडीवरच उभं आहे. म्हातारी मागचं धरून ठेवते म्हणून कितीतरी ठिकाणी लोकांनी काही सांगितलेलंच नाही. एकदम मोडली तर काय काय कोसळेल, देव जाणे."

मग दादाला अर्धांगवायू झाला. उजवी बाजू गेली. त्याला आमच्याच हॉस्पिटलात ठेवलं, सात नंबरला. ती खोली वॉर्डाच्या अगदी टोकाला, खिडकी उघडली की हातभरावर समोरची भिंत. गर्दी असली तरच ती कुणाला देत. आम्हाला मुद्दाम दिली होती, म्हणजे आम्हा दोघींना केव्हाही जाता येईल. दादाची थट्टा काही गेली नव्हती. डॉक्टर त्याचा उजवा हात उचलून बघायला लागले की तो वाकड्या तोंडाने सांगायचा, "झोपलाय तो. उठवू नका." त्याची न्याहारी वहिनीने स्वतः कॉम्प्युटरवर लिहिली होती आणि ती माझ्या स्वयंपाकघरातल्या बोर्डावर रोज सकाळी उमटायची: सात, मिठाशिवाय भाज्या, सफरचंद सोलून, कोमट दूध, पेला डावीकडे.

तो गेला तोही सकाळीच. त्याचा ट्रे गाडीवर चढलेला होता.

नंतर मी कामावर आले आणि बोर्डाकडे बघितलं. सात, मिठाशिवाय भाज्या, सफरचंद सोलून, कोमट दूध, पेला डावीकडे. बरा होऊन घरी जाणाऱ्याचा डबा कारकून रिकामा करतो. पण मेलेला माणूस दुसऱ्या कागदांवर, दुसऱ्या दाराने जातो, आणि ते म्हातारीला सांगायची सोय कुणी केलेलीच नव्हती. एरवी कुणी गेलं की वहिनी स्वतःच्या हाताने तो डबा रिकामा करायची. हा तिने केला नव्हता.

मी तरातरा खाली गेले. "वहिनी, ते सातचं काढ. मला बघवत नाही."

"काढते," ती म्हणाली. माझ्याकडे न बघता.

दुसऱ्या दिवशी ते होतंच. तिसऱ्याही. आमच्या स्वयंपाकघराचा नियम असा, की बोर्डावर आलं म्हणजे ताट जायलाच हवं. आपलं डोकं चालवायचं नाही. पूर्वी एका आचाऱ्याने चालवलं होतं आणि एक पेशंट दिवसभर उपाशी राहिला होता. तेव्हा मी सफरचंद सोलायचे, दुधात बोट घालून बघायचे, पेला ट्रेच्या डाव्या अंगाला ठेवायचे, आणि ट्रे जायचा. रिकाम्या खोलीत जायचा आणि रिकामा परत यायचा.

वॉर्डातलं कुणीतरी हात मारत असणार, असं मला वाटलं. माझ्या दादाच्या ताटावर! एका सकाळी मी गाडीच्या मागून गेले, चोराला रंगेहाथ धरायला. वॉर्डातल्या मावशींनी ट्रे आत ठेवला, दार ओढून घेतलं आणि पुढे गेल्या. मी कोपऱ्यावर उभी. तेवढ्यात जिन्यावरून वहिनी आली. आत गेली. थोड्या वेळाने मी दार ढकललं तर ती स्टुलावर बसून, गादीकडे तोंड करून, मिठाशिवायच्या त्या भाज्या शांतपणे खात होती. दुधाचा पेला रिकामा झालेला होता.

"ये, बस," ती म्हणाली.

मी बसले. चोराला झाडायचं राहूनच गेलं. असं माझ्या आयुष्यात फारदा झालेलं नाही.

म्हणजे कोडं सुटलं होतं. बिचारी नवऱ्याची न्याहारी खाते, तर खाऊ दे, कुणाच्या बापाचं काय जातंय? मी सफरचंद जरा मोठं निवडायला लागले. पुढे एकदा ती माझ्याकडे चहाला आली असताना शेगडीवरचं दूध उतू गेलं, आणि ती नाकाला रुमाल लावून दारापर्यंत मागे सरली. तिला दुधाचा वास लहानपणापासून सोसत नाही, हे घरात सगळ्यांना माहीत. मी हसून म्हटलं, "इथे नाटकं, आणि तिकडे रोज पेलाभर गट्ट करतेस ते?"

"मी?" तिने रुमाल खाली घेतला. "वन्सं, मी दूध कुठे पिते? तू माझ्यासाठी पेला रिकामाच पाठवतेस ना?"

"मी रिकामा कशाला पाठवीन? बोर्डावर दूध आहे. मी स्वतः ओतते."

"मी जाते तेव्हा पेला रिकामा असतो. रोज."

शेगडीवर दूध करपत होतं, ते उतरवायचंही मला सुचलं नाही. मावशींना विचारलं तर त्या अंगावर आल्या. "मी ट्रे ठेवते नि दार ओढते. त्या खोलीत थांबायला मला सांगू नका, बाई. पाठ फिरवली की पेला सरकल्याचा आवाज येतो."

हे ऐकून वहिनीच्या तोंडावर काय आलं ते मी पाहिलं, आणि मला भीती वाटली. आनंद होता तो.

अशात मोठ्या साहेबांनी ठरवलं की म्हातारीला रजा द्यायची आणि सगळा कारभार नव्या भाषेत लिहून घ्यायचा. त्यासाठी एक तरुण आला. शर्टाला सुरकुती नाही, बुटावर धूळ नाही. स्वयंपाकघरात आम्ही त्याचं नाव 'टापटीप' ठेवलं. वागायला वाईट नव्हता. त्याने नवं काम लिहून काही दिवस जुन्याच्या शेजारी चालवून बघितलं आणि मग साहेबांनी सगळ्यांना बोलावलं. आहाराच्या वतीने मी होते.

टापटीप म्हणाला, "जी भाषा न सांगितलेलं स्वतःच्या मनाने धरून चालते, ती सुधारण्याच्या पलीकडे गेली. मेलेल्याला मलमपट्टी करून काय उपयोग?"

वहिनीने मान खाली घातली. त्या पोराला काही माहीत नव्हतं, पण माझं पित्त खवळलं. "म्हातारी मेल्याचं दुःख नाही हो, काळ सोकावतो," मी म्हटलं. "आज ही फेकाल. उद्या तुमची ही नवी नवरी म्हातारी झाली की तिलाही फेकाल. तोवर आमच्या पेशंटांनी काय हवा खायची?"

सगळे हसले. टापटीपही हसला. वहिनी हळूच म्हणाली, "ढेकणासाठी घर जाळू नका. तिचा तो एक नियम मी बदलते. सांगितलं नसेल तिथे ती थांबेल आणि विचारेल."

"हे करता येत होतं, तर इतके दिवस का नाही केलंत?" त्याने विचारलं. खवचटपणे नव्हे, सरळच.

वहिनीकडे उत्तर होतं, पण ते चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं.

"अजून एक," तो म्हणाला. "दोन्हीकडचं सगळं जुळतं. फक्त सात नंबरला माझ्याकडे कुणी नाही. तुमच्याकडे कुणीतरी आहे. मी आज सकाळी जाऊनही बघितलं. खोली रिकामी आहे." तो जरा अडखळला. "पेल्याला आतून दूध लागलेलं होतं. ओलं."

साहेबांनी घसा खाकरला आणि आठवड्याभरात ठरवू म्हणाले.

जिन्यात वहिनीने माझा हात धरला. तिची बोटं गार पडली होती. "नवी आणली तर ते जातील. जुनी सुधारली तरी जातील. ती आहे तशीच राहिली तरच ते राहतात. मी काय करू गं?"

मी काय सांगणार? माझाही दादाच होता तो.

त्याच आठवड्यात तापाची साथ आली. वॉर्ड भरला, बाकांवर माणसं निजली, आणि एका पहाटे सात नंबरला एक मुलगी आणून निजवली. पहिली-दुसरीतली असेल. तिला दूध चालत नसे. घोटभर जरी गेलं तरी घसा सुजायचा. आईने ते नर्सला सांगितलं. नर्सने नाव लिहिलं, वय लिहिलं, ताप लिहिला, आणि आहाराचं नंतर लिहू म्हणून दुसऱ्या पेशंटाकडे पळाली. आहाराचं सांगायचं राहिलं. आणि सांगितलं नाही म्हणजे मागचंच.

मी दुधात बोट घालून बघितलं, पेला डावीकडे ठेवला. मुलगी आली आहे हे मला कुणी कळवलं नव्हतं.

आई पाणी आणायला बाहेर गेलेली. ती परतली तेव्हा पोर निळी पडली होती. किंकाळी आम्हाला स्वयंपाकघरात ऐकू आली. मी धावले, तळमजल्यावरून वहिनी धावली. डॉक्टर इंजेक्शन देत होते. मी ट्रे बघितला, त्यावरचा पेला बघितला. तो मीच भरला होता.

मुलगी वाचली. डॉक्टर घाम पुसत म्हणाले, "एखादाच घोट गेलाय, म्हणून. पेलाभर गेलं असतं तर माझ्या हातात काही राहिलं नसतं."

पण पेला तर रिकामा होता. वहिनीने चादर चाचपली. कोरडी. वाकून फरशीवर हात फिरवला. कोरडी.

दुपारी पोरीला आवाज फुटला तेव्हा आम्ही दोघी तिच्यापाशी उभ्या होतो. वहिनीने विचारलं, "बाळ, बाकीचं दूध कुठे सांडलं गं?"

"सांडलं नाही. काकांनी घेतलं."

"कुठल्या काकांनी?"

"इथल्या. मी एक घोट प्यायले तर ते ओरडले. म्हणाले, हे माझं आहे. आणि ओढून घेतलं." तिने आपला डावा हात पुढे करून दाखवलं. "असं. त्यांचा दुसरा हात झोपला होता."

तिची आई म्हणाली, तापात बडबडतेय. आम्ही हो म्हणालो.

बाहेर बाकावर वहिनी दोन्ही हातांत डोकं धरून बसली. दादा गेल्यावरही मी तिला असं बघितलं नव्हतं. मग म्हणाली, "मला वाटत होतं, मी त्यांना जपून ठेवलंय. कसलं जपलंय! माझ्या चुकीवर पहारा करायला बसवून ठेवलंय त्यांना. आजारी माणसाला. एका हाताने."

मी तिला जवळ घेतलं. आम्हा नणंदा-भावजयांना ती सवय नाही, त्यामुळे दोघींनाही अवघडल्यासारखं झालं.

तशीच उठून ती साहेबांकडे गेली आणि सगळ्यांसमोर म्हणाली, सातचा डबा मी जाणूनबुजून रिकामा केला नाही, दोष म्हातारीचा नाही, माझा आहे. साहेब ताडताड बोलले. बोलायलाच हवं होतं. मी त्या मुलीची आई असते तर याहून वाईट बोलले असते. वहिनीने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "नवी भाषा आणा. मी अडवत नाही. पण ती यायला वेळ लागेल, आणि न्याहारी उद्याही जाणार आहे. तोवर म्हातारीची खोड मोडू दे. ती काय काय मनात धरून बसली आहे ते बाहेर येईल, ते यांच्याही कामाला येईल."

साहेब टापटीपकडे बघायला लागले. तो म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं. मी बसतो त्यांच्याबरोबर."

मग जो गोंधळ झाला! नियम बदलला मात्र, म्हातारी जागोजागी अडून बसायला लागली. जिथे म्हणून कुणी काही सांगितलं नव्हतं, तिथे पडद्यावर प्रश्न. आणि प्रश्नाचे शब्द वहिनीने घातलेले: 'म्हणजे नक्की काय?' कॅशियर ओरडतोय, नर्सा ओरडताहेत, औषधवाला हात जोडून उभा. "एक वहिनी पुरत नव्हती का," मी म्हटलं, "आता मशीनही तसंच बोलायला लागलं!" वहिनी हसली. कितीतरी दिवसांनी हसली. दोघं मिळून एकेका प्रश्नाला विचारून विचारून उत्तर भरत होते, आणि टापटीपच्या शर्टाला आता रीतसर सुरकुत्या पडल्या होत्या.

सगळं भरून झालं. मुलगी बरी होऊन घरी गेली. एकच प्रश्न उरला. मी चहा घेऊन गेले तेव्हा तो पडद्यावर होता: 'खोली सात. म्हणजे नक्की कोण?'

टापटीपने तो वाचला, वहिनीकडे बघितलं, आणि उठून बाहेर गेला. पोरगा शहाणा होता.

वहिनीचे हात मांडीवर होते. मी म्हटलं, "मी लिहू का?"

"नको. त्यांचं पहिल्यापासून मीच लिहिलंय." तिने लिहिलं: कोणी नाही. आणि लिहिल्यावर सवयीने नीट वाचून बघितलं, चूक तर नाही ना म्हणून.

दुसऱ्या दिवशी सकाळी बोर्डावर तेच होतं. सात, कोणी नाही. आणि माझ्या समोर ओट्यावर कोमट दुधाचा पेला! मी तो केव्हा भरला, मलाच कळलं नाही. वहिनी दारात उभी होती. तिने पेल्याकडे बघितलं.

"एकदाच," ती म्हणाली.

आम्ही दोघी वर गेलो. गादी नुसतीच होती, चादर काढलेली. मी पेला डाव्या बाजूला ठेवला. मावशी करायच्या तसं दार ओढून घेतलं आणि बाहेर उभ्या राहिलो, कान लावून. पेला सरकायचा आवाज येईल म्हणून मी श्वास धरून होते. खरं सांगते, यावा असंच वाटत होतं. पलीकडच्या खोलीत कुणी खोकलं, गाडी पुढे गेली, खाली कुणीतरी कुणाला हाक मारली. आतून काहीच आलं नाही.

मग वहिनीने दार उघडलं. पेला जिथल्या तिथे होता, काठोकाठ. तिने नाकाला रुमाल न लावता वाकून आत बघितलं.

"साय धरली, वन्सं," ती म्हणाली, आणि इतक्या दिवसांत न रडलेली ती बाई त्या नुसत्या गादीवर बसून ओक्साबोक्शी रडली. मीही रडले. पेला निवत गेला.

रडून झाल्यावर तिने तोंड पुसलं आणि म्हणाली, "चल खाली. मला भूक लागलीये. काहीतरी मीठ घालून दे."